मातीविना मुळे

ज्या १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर मराठे आणि निजाम यांच्यातील वादाचा निवाडा झाला, त्याच साली विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडलच्या वनस्पतींवरील ग्रंथात आमर (ऑर्किड) कुळातील एका वृक्षवासी वनस्पतीचे सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले. आज व्हँडा टेसेलाटा या नावाने ओळखले जाणारे हे ऑर्किड मराठवाड्यातही आंब्यासारख्या वृक्षांवर मातीचा कणही न मागता वाढते. वरवर पाहणारा त्याला बांडगुळात जमा करतो. वस्तुतः बांडगूळ आश्रयदात्या झाडाचा रस शोषते, तर याची जाड मुळे सालीला केवळ बिलगून राहतात, आपल्या सच्छिद्र आवरणाने पावसाचे पाणी टिपतात आणि वाऱ्यावर पुन्हा कोरडी होतात.

कंपनी सरकारच्या अमदानीत अशा वनस्पती विलायतेस रवाना होऊ लागल्या, तेव्हा उष्ण देशच्या रोपास उष्णता, दमटपणा आणि बंद दारे एवढेच पुरे, असा ठोकताळा बांधून तेथील धनिकांनी त्या कुंड्यांत पुरल्या, त्या कुंड्या कातडी कमावून उरलेल्या ऊबदार सालींच्या ढिगांत रोवल्या, आणि असंख्य रोपे मुळे कुजून नष्ट झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोझेफ बँक्स यांनी हवा खेळेल अशा विणलेल्या करंड्यांत शेवाळ घालून निराळी तजवीज केली. त्यांच्याच संग्रहात फुललेल्या या व्हँडाचे चित्र १८२० मध्ये ‘बोटॅनिकल रजिस्टर’मध्ये छापले गेले. पुढे इंग्लंडातील चॅट्सवर्थ येथे उद्यानप्रमुख जोझेफ पॅक्स्टन यांनी काचगृहांत वायुवीजनाचा बंदोबस्त केला, आणि करंड्यांबरोबरच लाकडी ठोकळ्यांवर ऑर्किडे बांधण्याची रीतही रूढ झाली.

आपल्याकडील पानमळेवाले नागवेलीस शेवरी, शेवगा, पांगारा यांचा जिवंत आधार देऊन ती लव्हाळ्याने बांधीत आले आहेत. परंतु त्या वेलीचे अन्नपाणी जमिनीतून येते, ऑर्किडाचे तसे नाही.

म्हणून केळी आणि हळदीसाठी ख्यात असलेल्या मराठवाड्यातील अर्धापुरात एखाद्याने कुंडीत खंगलेले ऑर्किड, कुजकी मुळे कापून, बाभळीच्या किंवा आंब्याच्या खडबडीत तुकड्यावर थोड्या काथ्यासह सुती दोऱ्याने बांधले, तर कुजण्याचे भय टळते खरे; मात्र लाकूड पाणी साठवीत नसल्याने चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळ शिंपण करावे लागते. काचगृहांच्या धन्यांनी पाण्याचा अतिरेक करून रोपे गमावली. येथे ती कोरड्या वाऱ्याने जातील, आणि जुन्या अनुभवाचा उपयोग करणाऱ्याने हा फरक आधी ध्यानी घ्यावा.