गाडीला मोठी अलॉय व्हील्स लावताय? आधी हे गणित समजून घ्या

मोठी अलॉय व्हील्स आणि खाली बसलेली गाडी दिसायला भारीच! पण मापं चुकली, तर ब्रेकिंगपासून विम्यापर्यंत सगळीकडे त्रास होतो.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

मारुती स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५ टायर येतात. म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. टायरचा एकूण व्यास सुमारे ६२ सेंमी. १६ इंची रिमवर १९५/५५ टायर घेतला तर व्यास जवळपास तेवढाच राहतो. २०५/६० घेतला तर तो ५ टक्क्यांनी वाढतो. मग स्पीडोमीटर १०० दाखवतो, तेव्हा गाडी १०५च्या आसपास धावत असते.

रिमचा पीसीडी आणि ऑफसेट जुळायलाच हवा. टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको.

गाडी किती खाली घ्यावी?

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ४० मिमीने खाली घेतली की उरतात १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषातला स्पीडब्रेकरच १०० मिमी उंच, आणि चौघं बसले की गाडी आणखी दबते.

पैसे वाचवायला मूळ स्प्रिंग कापू नका. ती जागेवरून सरकू शकते, शॉकअबसॉर्बरही लवकर जातात. त्या गाडीसाठीच बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग घ्या आणि नंतर व्हील अलाइनमेंट करा.

खर्च करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. न कळवलेल्या बदलामुळे क्लेम अडकू शकतो.