कारंज्याचा कापूस आणि नाताळची पेटी

विदर्भात नाताळ येतो तो कापसाच्या गाड्यांबरोबर. दसऱ्याच्या सुमारास वेचणीला आरंभ होतो, दिवाळी उरकते, आणि डिसेंबर उजाडतो तेव्हा बाजाराच्या गावांना जाणाऱ्या रस्त्यांवर बाभळीच्या काट्यांनाही पांढरे पुंजके लटकलेले दिसतात. आमची मुले गव्हाणी सजविताना बर्फ म्हणून हाच कापूस पसरतात. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही त्यांच्या हातून बेथलेहेमात बर्फ पडतो, आणि तो वऱ्हाडच्या काळ्या मातीतून उगवलेला असतो. वर्षातून एकदाच हाती चार पैसे खेळण्याचे हे दिवस. साहजिकच दानाच्या पेट्याही याच दिवसांत फिरतात.

अलीकडे या पेट्यांत एका नव्या पेटीची भर पडली आहे. एखादे औषधांचे दुकान, संगणकाचा वर्ग, मालवाहतुकीचे छोटे कार्यालय अशा ठिकाणी पाच-सात माणसे एकत्र येतात, गल्ल्याशेजारी पेटी ठेवतात, कुणी लाल टोपी घालून दारात उभा राहतो, कुणाच्या घरचा केक तुकड्या-तुकड्यांनी विकला जातो, आणि जमलेली रक्कम एखाद्या अनाथाश्रमाला वा वृद्धाश्रमाला दिली जाते. या चमूंत ख्रिस्ती माणूस बहुधा एखादाच. बाकीचे हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध. नाताळ हा सर्वांचा होतो आहे याचा आम्हाला आनंदच आहे. तरीही या विषयावर लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. त्याचे कारण आधी सांगितलेले बरे.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा पेढीने आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी वृद्धाश्रमासाठी बऱ्यापैकी रक्कम आमच्या हाती दिली. मिस्सा आटोपल्यावर आम्ही वेदीवरून मालकांचे नाव घेतले, आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजविल्या. मंदिर रिकामे झाले तेव्हा त्या पेढीत झाडलोट करणारी एक मावशी पायरीशी थांबलेली दिसली. ती म्हणाली, “फादर, पैसे त आमच्या पगारातले कापले. इचारलं नाही कोनी.” तिच्या स्वरात राग नव्हता. तिला केवळ हे आम्हाला ठाऊक असावे असे वाटत होते. सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्र चार वर्षे शिकविले गेले, पण त्या पायरीवर आम्हाला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्याच्या पदरचा पैसा आपल्या नावाने दान होण्याची ही गोष्ट नवी नाही, हे पुढे वाचन करताना ध्यानी आले. आमच्या भागात तिचा माग काढू लागले की वाट कारंज्याला जाते.

आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा लाड हे जुन्या व्यापाराचे गाव. दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ते महाराष्ट्रभर ठाऊक आहे. दिगंबर जैनांच्या जुन्या गाद्यांमुळे आणि मंदिरांमुळे त्यांनाही ते तितकेच पूज्य. श्रीमंती इतकी की, येथील एका सावकाराने, गिऱ्हाईक न मिळालेली उंटांवरची सारी कस्तुरी विकत घेऊन आपल्या हवेलीच्या चुन्यात कालविली, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणाची चिकित्सा आम्ही करीत नाही. गावाला आपल्या व्यापाऱ्यांविषयी काय वाटत होते, हे मात्र तिच्यातून कळते.

पण कारंज्याची एक ओळख भाविकांच्या आणि पर्यटकांच्या दोघांच्याही नजरेतून निसटते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण कापूस राहिला. गिरण्यांना निर्भेळ माल वाजवी दरात हवा होता, आणि त्यासाठी बाजाराला शिस्त लावणे भाग होते. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमान्वये कारंज्याचा कापूसबाजार नियमनाखाली आला. हिंदुस्थानातील पहिला नियमित बाजार म्हणून शेतीअर्थशास्त्राच्या पुस्तकांत याच बाजाराचा उल्लेख होतो. आज गावोगावी ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात, त्यांची वंशावळ अशी कारंज्याच्या धुळीत सुरू होते. ११ वर्षांनी, १८९७ साली, वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी, लोकांची लाडकी ‘शकुंतला’, याच कारंज्यावरून धावू लागली, तीही कापसाच्याच ओढीने.

त्या काळच्या वऱ्हाडी बाजाराचे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. शेतकरी रात्रभर बैल हाकीत पहाटे बाजारात पोहोचतो. अडत्याच्या दारी गाडी सुटते. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. ती बोटांची भाषा अडत्याला आणि खरेदीदाराला कळते, ज्याचा माल त्याला कळत नाही. मग मापारी येतो, हमाल येतात, माल जिनात जातो, आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडते. तीत वर मालाची किंमत, आणि खाली कपातींची रांग: अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, आणि या रांगेतच कोठेतरी धर्मादाय. कोठे गोरक्षण, कोठे पांजरापोळ, कोठे देवस्थान, कोठे पाठशाळा. रक्कम गाडीमागे थोडीशीच. पण हंगामात गाड्या हजारो.

धर्मादायाने काही चांगले झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. देशातल्या कितीतरी व्यापारी गावांत धर्मशाळा, पाणपोया, गोशाळा आणि शाळा या थेंबाथेंबाने भरलेल्या पैशावर उभ्या राहिल्या. व्यापाऱ्यांनी एकत्र बसून, आपसात चढाओढ असतानाही, ठरावीक वाटा धर्मकार्यासाठी बाजूला काढला ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या ख्रिस्तसभेतील कितीशा व्यावसायिकांना इतके जमले आहे? तरी प्रश्न उरतोच. ज्या शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसा गेला, त्याला कोणी विचारले होते काय? आणि धर्मशाळेच्या दारावरील संगमरवरी पाटीवर नाव कोणाचे लागले?

१९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती आयोगाने आपला अहवाल दिला. बाजारातील या नाना कपातींकडे आयोगाने बोट दाखविले, आणि वऱ्हाडच्या नमुन्याचे श्रेय मान्य करूनही त्यातील उणीव सांगितली: बाजाराच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचे वजन होते, पिकविणाऱ्याला तेथे जागा नव्हती. ज्याच्या गाडीवर सारे चालत होते, तो गाडीवरच बसून राहिला होता.

यानंतरची हकिकत कायद्याची आहे. ती रूक्ष वाटेल, पण आम्हाला तिच्यात एक प्रकारचे धर्मशास्त्रच दिसते. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात या धर्मादायासाठी एक स्वतंत्र कलम आहे, चौपन्नावे. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे वा आपसातील करारान्वये कोणत्याही व्यवहारात धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम आकारली जाईल, ती आकारणाऱ्याच्या हाती विश्वस्त म्हणून राहील, आणि तिचा हिशेब त्याने द्यावा, असा त्याचा आशय. हा कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. पेटी ज्याच्या दुकानात आहे, पैसा त्याचा नाही; तो केवळ राखणदार. १९७९ साली हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या अंगाने हेच मान्य केले: गिऱ्हाइकांकडून धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम ही गिरणीचे उत्पन्न नव्हे. पुन्हा कापूसच! बाजारात मालधन्याच्या पट्टीतून मनमानी कपात करण्याला १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीच्या कायद्याने लगाम घातला. जुना शब्द आज राहिला आहे तो ‘धर्मादाय आयुक्त’ या पदनामात. त्या कार्यालयाच्या पायऱ्या आम्ही चर्चच्या कामासाठी अनेकदा चढलो, पण त्या शब्दात कारंज्याच्या गाडीवानाचा घाम आहे, हे फार उशिरा उमगले.

आता नाताळच्या पेटीकडे वळू. तिचा इतिहास आपल्या धर्मादायाहून निराळा आहे, आणि तोही बहुतांशी लहान माणसांनी घडविलेला. १८९१ च्या नाताळात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी साल्व्हेशन आर्मीच्या जोसेफ मॅकफी या अधिकाऱ्याला गरिबांना जेवण घालायचे होते आणि जवळ पैसा नव्हता. त्याने बोटीच्या धक्क्याजवळ एक भांडे तिकाटण्यावर टांगले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यात नाणे टाकण्यास सांगितले. १९०४ साली डेन्मार्कमधील आयनार होल्बोल नावाच्या टपाल कारकुनाला नाताळच्या पत्रांचे ढीग पाहून सुचले की, प्रत्येक पाकिटावर तिकिटाशेजारी एक पैशाचे चित्र लोकांनी आपखुशीने लावले, तर क्षयरोगी मुलांसाठी आरोग्यधाम बांधता येईल. पहिल्याच हंगामात अशी ४० लाखांहून अधिक चित्रे खपली. १९०७ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात एमिली बिसेल या बाईंनी हीच युक्ती केली. एका लहान क्षयरुग्णालयासाठी त्यांना ३०० डॉलर हवे होते, जमले सुमारे ३,०००. आपल्याकडे १९५० पासून क्षयरोग निवारणाची अशीच तिकिटे गांधीजयंतीपासून विकली जातात. शाळेत असताना ती विकण्याचे काम आमच्याकडे आले होते. पाच-सहा उरली ती आईने विकत घेतली.

होल्बोलच्या चित्रात आणि कारंज्याच्या काळच्या पट्टीत रक्कम सारखीच क्षुल्लक. दोहोंकडे थेंबे थेंबे तळे. अंतर एकच की, पाकिटावर चित्र लावावे की न लावावे हे पत्र लिहिणारा ठरवीत असे.

संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथ येथे निधी जमविला, त्या प्रसंगाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे स्वतःच बाजूला काढून ठेवावे, ही त्याची पहिली सूचना. देणे खुशीचे असावे, ओढूनताणून नसावे, ही दुसरी. आणि तिसरी आम्हा धर्मगुरूंना अधिक लागू पडणारी: एवढी मोठी रक्कम नेताना कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये म्हणून त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू धाडले. देवाच्या दृष्टीने तर चोख असावेच, माणसांच्या दृष्टीनेही असावे, असा त्याचा कटाक्ष होता. प्रेषिताला स्वतःवर हिशेबनीस बसवून घेण्यात कमीपणा वाटला नाही. आम्ही मात्र त्या रविवारी रक्कम घेताना, ती कोठून आली, हे विचारणे शिष्टाचाराला सोडून होईल असे समजून गप्प राहिलो. विधवेच्या दोन नाण्यांवर आम्ही किती प्रवचने दिली असतील! त्या कथेच्या लगतच्या आधीच्या ओळींत प्रभू येशू विधवांची घरे गिळणाऱ्यांविषयी बोलतो, हे आमच्या प्रवचनांतून बहुधा सुटून गेले.

छोट्या व्यवसायातील मंडळींचा उत्साह आम्हाला विझवायचा नाही. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातील २ टक्के समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. गल्लीतल्या दुकानावर तसे कोणतेच बंधन नाही, आणि म्हणूनच त्याच्या पेटीचे मोल अधिक. दहा बाय बाराच्या खोलीत मालक आणि नोकर एकाच माठातले पाणी पितात. तेथे ‘तू किती देशील’ असे विचारणाऱ्याच्या हाती समोरच्याचा पगारही असतो. ‘नाही’ म्हणणे मोठ्या कारखान्यापेक्षा तेथे अवघड. म्हणून पेटी बंद असावी, कोणी किती टाकले हे कोणाला दिसू नये, पगाराच्या पाकिटाला तिचा स्पर्श होऊ नये, आणि रक्कम देताना नाव एकाचे न घेता सर्वांचे घ्यावे किंवा कोणाचेच घेऊ नये, असे आम्ही आता येणाऱ्या प्रत्येक चमूला सांगतो. काहींना ते आवडत नाही. एकजण तर म्हणाला, नाव नसेल तर छायाचित्र कशाचे काढायचे?

त्या पेढीच्या मालकांकडे आम्ही नाताळनंतर गेलो होतो. बोलणे सोपे गेले नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. सर्वांनी मिळून काही करावे असे त्यांना वाटले, आणि वेगळे विचारण्याची गरज वाटली नाही, इतकेच. कापलेले पैसे त्यांनी परत केले. पुढच्या डिसेंबरात त्यांच्या गल्ल्याशेजारी कुलूप लावलेली पत्र्याची पेटी आली, आणि ती सर्वांसमक्ष उघडण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. गेल्या वर्षीच्या मानाने रक्कम निम्म्याहूनही कमी भरली. नोटा मोजून होत आल्या तेव्हा मावशी हात पुसत आतून आली, पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून टेबलावर ठेवली आणि पावती मागितली. आम्ही पावतीपुस्तक पुढे ओढले आणि तिला तिचे पूर्ण नाव विचारले.