चिंधीचा चौकोन

नागपूरच्या धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाच्या आसपास बुटिकं आहेत, शिंपी आहेत आणि त्यांच्या कातरीखाली रोज पडणाऱ्या चिंध्या आहेत. त्या जोडून बारा इंची क्विल्ट ब्लॉक, म्हणजे गोधडीचा एक चौकोन, शिवता येतो. तो अमेरिकेतून आलेला छंद वाटतो. पण चिंध्या जोडण्याची एक फार जुनी वाट जवळच्या दीक्षाभूमीवरून जाते.

विनयपिटकातल्या महावग्गात ती सापडते. बांधांनी आखलेली मगधातली भातशेतं दाखवून बुद्धांनी आनंदांना विचारलं, अशी चीवरं शिवता येतील का? तेव्हापासून भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून होऊ लागलं. कापलेल्या कापडाची चोराला हाव नसते, हाही त्यातला हिशेब. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना दीक्षा देणाऱ्या महास्थविर चंद्रमणींच्या अंगावर याच परंपरेचं वस्त्र होतं. त्याच वर्षी २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले. चिंध्यांचा पेहराव करणाऱ्या वऱ्हाडच्या या संताला लोक गोधडेबाबाही म्हणत. दोन्हीकडे चिंधी पांघरली ती त्याग म्हणून.

घरात मात्र ती उबेसाठी जपली गेली. जुनेराचे थर अंथरायचे, वर ठिगळं लावायची आणि सगळ्यातून धावदोरा घालत जायचं. गोधडीत तुकडे जोडणं आणि थर टाचणं एकाच टाक्यात होतं. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, उत्तर कन्नडातले सिद्दी, आपली ‘कवंदी’ ही गोधडीही अशीच कडेकडून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांवर घडीची ‘फुलं’ लावतात. इथलं जुनेरही बदलत गेलं: विदर्भाच्या कापसावर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. हातमागाच्या लुगड्यांशेजारी गिरणीचं कापड आलं. पुढे त्याचंही जुनेर झालं.

अमेरिकी घरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्लॉकची पद्धत रुजली. मांडीवर मावणारे चौकोन आधी शिवायचे, ते जोडून वरचा पदर करायचा आणि शेवटी अस्तरासह टाचायचा. म्हणजे गोधडीतलं एक काम इथे दोन झालं. सिंगरला शिवणयंत्राचं पेटंट १८५१ मध्ये मिळालं. मशीन घरोघरी पोचलं तसं जोडकाम वेगात होऊ लागलं.

आजचा ब्लॉक याच वळणाचा. मधे छोटा चौकोन, भोवती पट्ट्या, पाव इंच शिलाई, प्रत्येक जोडानंतर इस्त्री. सरळ पट्ट्यांऐवजी तिरक्या घेतल्या, मधला चौकोन एका बाजूला सरकवला, भरपूर जागा एकाच रंगाची सोडली, की तो आधुनिक दिसतो. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून असे मोकळे आकार कितीतरी आधी शिवले होते. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या.

म्हणून ब्लॉकसाठी नवं कापड विकत आणून त्याचे तुकडे करणं मला पटत नाही. या वंशावळीत बहुतेक वेळा आकार ठरवला तो हाती आलेल्या तुकड्याने: कुठे व्रत म्हणून, कुठे गरज म्हणून. शिंप्याकडून पिशवीभर कात्रण आणावं, सुती आणि रेशमी वेगळं करावं, सर्वांत लहान तुकडा मधे ठेवावा. मापाला पट्टी कमी पडली तर तिला दुसरी जोडावी. नवी रचना सुचते ती याच अडचणीतून.