ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाल्यास राहत्या जिल्ह्यातच दाद

रायपूर : शंकर नगरमधील ग्राहकाने बेंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेला मिक्सर सदोष निघाला, तर दाद मागण्यासाठी त्याला बेंगळुरू गाठावे लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. १९८६ च्या कायद्यात ही मुभा नव्हती. विक्रेत्याचे कार्यालय किंवा तक्रारीचे कारण कोठे घडले, हे पाहिले जाई आणि ऑनलाइन खरेदीत नेमका तोच मुद्दा वादाचा ठरे.

आयोगाकडे जाण्यापूर्वी संकेतस्थळावरील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करणे श्रेयस्कर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. सदोष वस्तू परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ मध्यस्थी करते. तिला आदेश देण्याचा अधिकार मात्र नाही.

आयोगातील तक्रारीसाठी मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदारालाच भरावे लागते, ही बाब अनेकांना ऐनवेळी कळते. अशा प्रकरणाचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत, एरवी तीन महिन्यांत लागावा, असे कायदा सांगतो. पुनर्विक्रीसाठी माल घेणाऱ्यास ही तरतूद लागू नाही.