रिस्क ओएससमोर, जानेवारी १९९९

दुपारचे चार वाजलेत आणि इंग्लंडमधल्या या खोलीबाहेर अंधारून आलंय. तुमच्या पुढ्यात एकॉर्नचा रिस्क पीसी आहे, शेजारी तीन बटणांचा माउस. केंब्रिजच्या या कंपनीने गेल्या सप्टेंबरात आपला संगणक विभाग बंद केला. फीबी नावाचं नवं मशीन बाजारात येण्याआधीच रद्द झालं. या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, रिस्क ओएससाठी, आता कोण नवं सॉफ्टवेअर लिहिणार? जे हवं ते दुसरीकडून आणून इथे रुजवायचं. तुम्ही युनिक्सवरचा एक छोटा प्रोग्राम आणलाय. सी भाषेतला, मजकूर वाचून त्यातल्या शब्दांची यादी करणारा.

नावांपासूनच अडायला होतं. युनिक्समध्ये फोल्डर तिरप्या रेघेने वेगळे होतात, इथे टिंबाने. मग ‘मेन टिंब सी’ या फाइलीचं काय करायचं? ‘सी’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘मेन’ ठेवायची. शिवाय नाव फार तर १० अक्षरांचं आणि एका फोल्डरमध्ये फार तर ७७ गोष्टी. मूळ लेखकाने ऐसपैस नावं दिलीत. छाटली की त्यातली दोन एकच होतात. कागदावर जुनी नावं डावीकडे, नवी उजवीकडे लिहीत बसावं लागतं.

अखेर कंपाइल होतं. कंट्रोल आणि एफ-१२ दाबून तुम्ही आज्ञा टाइप करायची खिडकी, टास्क विंडो, उघडता आणि दोन ओळींची फाइल प्रोग्रामला देता. काहीच उमटत नाही. मिनिटं जातात. प्रोग्राम मेलेला नाही, तो अजून वाचतोच आहे. दोन ओळींत इतकं काय वाचतोय?

एस्केप दाबा आणि वाचणारी ओळ पुन्हा बघा. लेखकाने प्रत्येक अक्षर ‘कॅर’ प्रकारच्या जागेत ठेवलंय आणि फाइल संपल्याची खूण म्हणून उणे एकची वाट पाहिलीय. कॅरमध्ये उणे संख्या मावावी की नाही, हे सी भाषेने ठरवलेलंच नाही, ते कंपायलरवर सोडलंय. त्याच्या मशीनवर कॅर उणे १२८ ते १२७, तुमच्या इथे ० ते २५५. उणे एक आत जातो आणि २५५ होऊन बसतो. शेवट येऊनही प्रोग्रामला तो ओळखू येत नाही.

हे उगाच झालेलं नाही. तुमच्या मशीनच्या आत एआरएम चिप आहे. एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली एआरएम चिप १९८५ मध्ये चालू झाली. ती मेमरीतून एक बाइट उचलताना वरचे सगळे बिट शून्य करायची. उणे खूण राखायची तर जास्तीच्या सूचना लागायच्या, म्हणून कंपायलरने स्वस्त वाट धरली.

‘कॅर’ खोडून तिथे उणे संख्याही मावणारा ‘इंट’ हा प्रकार लिहा. यादी झर्रकन उमटते.

इथे थांबणाऱ्यांचं मला पटत नाही. आज्ञा टाइप करून चालणारा प्रोग्राम इथे पाहुणाच राहतो. त्याला उद्गारचिन्हाने सुरू होणारं नाव असलेला स्वतःचा फोल्डर हवा, खाली आयकॉन बारवर चिन्ह हवं, मधल्या बटणावर मेन्यू हवा. सेव्ह करायचं ते फाइलीचं चिन्ह ओढून हव्या त्या खिडकीत टाकून. आणि खिडक्यांच्या या जगात दर थोड्या वेळाने विम्प पोल ही हाक देऊन ताबा आपणहून सोडावा लागतो. एकाने सोडला नाही, तर सगळा डेस्कटॉप अडून राहतो. त्यामुळे सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग धावणारी प्रोग्रामची वाचनाची फेरी तुम्ही फोडता. थोडं वाचायचं, कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं, ताबा द्यायचा, पुन्हा वाचायचं. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, आणि परक्याचा प्रोग्राम खरा समजतो तोही इथेच.

मग मूळ लेखकाला ईमेल लिहा. नावांची छाटाछाट आणि मेन्यू तुमच्यापाशीच राहू द्या. ‘इंट’ची दुरुस्ती मात्र पाठवा, कारण ती फक्त तुमच्या मशीनपुरती नाही. युरोपीय लिपीच्या लॅटिन-१ संचात वर दोन टिंबं असलेल्या वाय या अक्षराचा क्रमांक २५५ आहे. मूळ लेखकाच्या संगणकावर तो उणे एक ठरतो. असं अक्षर मधेच आलं की त्याचा प्रोग्राम फाइल संपली असं समजून तिथेच थांबतो, पुढचे शब्द गळतात आणि एररही येत नाही. ते अक्षर असलेली एक छोटी फाइल सोबत जोडा, म्हणजे त्याला स्वतः चालवून बघता येईल.