‘लॅप्स’ : एका शब्दाची कुळकथा

परप्रांतांत सरकारी नोकरी करणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या तोंडी काही इंग्रजी शब्द इतके रुळले आहेत की, ते परके आहेत याची आठवणही राहत नाही. ‘लॅप्स’ हा त्यांपैकीच एक. डिसेंबर सरला की न घेतलेली नैमित्तिक रजा लॅप्स होते. ३१ मार्चपर्यंत खर्ची न पडलेले अनुदान लॅप्स होते. हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवसही उलटले की विम्याची पॉलिसी लॅप्स होते. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयके लॅप्स होतात. झाशीस बदली होऊन आलेल्या गृहस्थाच्या कानांवरही कचेरीत हा शब्द नित्य पडतो. परंतु ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावाचे राज्य याच शब्दाने गेले, हे त्या वेळी क्वचितच कोणाच्या मनात येते. म्हणून या शब्दाची कुळकथा थोडी पाहू.

मूळ शब्द लॅटिन. त्याचा अर्थ घसरणे, निसटून पडणे. डॉक्टरांचा ‘रिलॅप्स’ आणि इमारतीचा ‘कोलॅप्स’ हे त्याचेच भाऊबंद होत. स्मरणाचा लॅप्स म्हणजे विसर, आचरणाचा लॅप्स म्हणजे पाऊल घसरणे, काळाचा लॅप्स म्हणजे काळ लोटणे. इंग्लंडच्या कायद्यात मात्र या घसरण्याला एक वेगळाच अर्थ चिकटला. चर्चमध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क ज्याचा असे, त्याने सहा महिन्यांत तो बजावला नाही, तर तो हक्क लॅप्स होऊन बिशपकडे जाई. मृत्युपत्रात ज्याला देणगी लिहिली तो आधीच वारला, तर साधारणतः ती देणगी लॅप्स होते. आपल्या १९२५ च्या वारसा कायद्यातही हा नियम आहे. या साऱ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे. येथे कोणी काही करीत नाही. वस्तू आपोआप घसरते. मात्र कायद्यात ती नुसती घसरत नाही, घसरून कोणाच्या तरी पदरात पडते.

लॉर्ड डलहौसीने हा शब्द राज्यांना लावला. १८४८ साली साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज वारले, तेव्हा त्यांचा दत्तक नामंजूर करताना त्याने आपले धोरण स्पष्ट लिहून ठेवले : औरस वारस नसल्यामुळे मांडलिक राज्य लॅप्स होत असेल, तर मुलूख मिळविण्याची ती रास्त संधी सरकारने दवडू नये. जे आपोआप घडते त्याला संधी म्हणणे, यातच सारे आले.

झाशीची पाळी पाच वर्षांनी आली. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी आनंदराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते, आणि कंपनीचा अधिकारी मेजर एलिस त्या प्रसंगी हजर होता. कंपनीने १८१७ साली रामचंद्ररावांशी केलेल्या तहात झाशीचे राज्य वंशपरंपरेने चालविण्याचे वचन दिले होते. राणी लक्ष्मीबाईंनी याच तहावर बोट ठेवले.

फेब्रुवारी १८५४ मधील त्यांचा खलिता आजच्या कोणाही दफ्तरी माणसाने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. त्यातील युक्तिवाद शब्दार्थाचा आहे. तहात ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ असे दोन निराळे शब्द आहेत. पहिला रक्ताच्या वारसांना लागू पडतो. दुसरा गादीवर बसणाऱ्याला, म्हणजे औरस वारस नसता घेतलेल्या दत्तकालाही. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता, तर दोन लिहिण्याचे कारण काय? शेजारच्या दतिया व ओर्छा या संस्थानांतील दत्तकांचे दाखलेही त्यांनी दिले. डलहौसीने २७ फेब्रुवारीच्या टिपणात उत्तर दिले ते असे, की झाशी हे पेशव्यांच्या सुभेदाराचे आश्रित राज्य. पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले, सबब निकाल कंपनीच्या मर्जीचा. १८३५ साली रामचंद्ररावांचा दत्तक मान्य झाला नव्हता, हा दाखलाही त्याने पुढे केला. पण त्या वेळी गादी त्याच घराण्यात राहिली होती, हे त्याला आड आले नाही. मार्चमध्ये राज्य गेले आणि बाईंना दरमहा ५,००० रुपयांची नेमणूक ठरविण्यात आली.

आता आपल्या भाषा काय म्हणतात पाहा. मराठीत राज्य ‘खालसा होते’ असे आपण क्वचित म्हणतो. बहुधा डलहौसीने ते ‘खालसा केले’ असेच म्हणतो. झाशीतल्या शाळकरी मुलाच्या हिंदी इतिहासात तर याच धोरणाचे नाव ‘हडप नीती’ असे आहे. इंग्रजी शब्दाने कर्ता झाकला. मराठीने तो परत आणून वाक्यात बसविला. हिंदीने त्याच्या कृत्यालाही नाव दिले.

१८५७ नंतर सरकारलाही या शब्दाची किंमत कळली. १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. पण झाशीला त्यांचा उपयोग उरला नव्हता. दामोदररावांचे उर्वरित आयुष्य इंदुरात गेले आणि तेथेच १९०६ साली त्यांचा अंत झाला. पुढे १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यात, सातव्या कलमात, हाच शब्द पुन्हा आला. आता संस्थानांवरील ब्रिटिश राजाची अधिसत्ताच लॅप्स झाली. एके काळी मांडलिकाचे हक्क घसरून सार्वभौमाकडे गेले होते. आता सार्वभौमाचा हक्कच संपला. मात्र या खेपेसही, आम्ही राज्य सोडले, असे त्या वाक्यात कोणी म्हटले नाही.

तेव्हा आमचे आपल्या बांधवांना एवढेच सांगणे आहे. मार्चअखेर एखाद्या गावच्या विहिरीचे वा शाळेचे पैसे परत जातात, तेव्हा फाइलीवर ‘अनुदान लॅप्स झाले’ असा शेरा पडतो. तो नियमास धरूनच असतो. पण कागद कोणाच्या मेजावर किती दिवस पडून होता, हे त्या शेऱ्यात येत नाही, आणि विहीर मागणाऱ्याला हवे असते ते नेमके तेच. झाशीच्या राणीने एका शब्दाचा अर्थ विचारला होता. आपणही शेरा लिहिण्यापूर्वी आपल्या मराठीला एकदा विचारावे : झाले, की केले?