संभाषणाचा संग्रह आणि वगळलेले वक्ते

इंग्रजीचा अभ्यास दीर्घकाळ ग्रंथांच्या आधारे होत राहिला. बोली रूप म्हणजे लिखित भाषेचे विस्कळीत रूप, हा समज अभ्यासकांत रुजलेला होता. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ मध्ये आरंभलेल्या इंग्रजी वापराच्या सर्वेक्षणाने त्याला पद्धतशीर छेद दिला. दहा लाख शब्दांच्या त्या संग्रहात निम्मा वाटा बोलण्याचा होता. पुढे १९७४ मध्ये सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी संभाषणातील पाळीची व्यवस्था उलगडली आणि बोलण्याच्या वरवरच्या गोंधळाखाली नियम असतात हे दाखवून दिले. मात्र क्वर्क यांच्या संग्रहातील वक्ते प्रामुख्याने सुशिक्षित, प्रौढ ब्रिटिश होते. दैनंदिन बोलणे अभ्यासाचा विषय झाले. ते कोणाचे, हा प्रश्न मागेच राहिला.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेला ‘कोल्हापूर कॉर्पस’ १९७८ मधील भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह आहे. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीच्या १९६१ मधील संग्रहांशी तुलना करता यावी म्हणून त्याची रचना त्यांच्याच धर्तीवर झाली. साहजिकच तो संपूर्णपणे छापील मजकुराचा राहिला. सिडनी ग्रीनबॉम यांनी १९८८ मध्ये सुचवलेल्या आंतरराष्ट्रीय इंग्रजी संग्रहाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्याच्या भारतीय भागाचे कामही कोल्हापुराशी निगडित होते. दोन हजार शब्दांच्या ५०० नमुन्यांपैकी ३०० बोलण्याचे आणि त्यांतले १०० खासगी संभाषणाचे, असा आराखडा ठरला होता. वक्ता अठरा वर्षांवरील आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेला असावा, अशी अट होती.

ही अट तुलनेच्या दृष्टीने सयुक्तिक होती. पण समाजाच्या दृष्टीने तिने निवड आधीच करून टाकली. इंग्रजी वाक्यात आलेल्या देशी शब्दाला या संग्रहात स्वतंत्र खूण करण्याची सोय आहे; मराठी वाक्यात वावरणाऱ्या इंग्रजीला मात्र तेथे जागाच नाही. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील शेळगावसारख्या गावाचा विचार केला की या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट होते. ‘थ्री फेज कधी येणार?’, ‘डीपी जळालाय’, ‘औंदा रिकव्हरी कमी हाय’ अशा वाक्यांत शेतकरी वीज मंडळाशी आणि साखर कारखान्याशी असलेले आपले नाते बोलत असतो. हे शब्द शाळेतून आलेले नाहीत. ते खांबावरून, वजनकाट्यावरून आणि दूध डेअरीच्या ‘फॅट’वरून आले. त्यांचा अर्थ कोशात न सापडता सत्तेच्या आणि पैशाच्या व्यवहारात सापडतो. पण हा वक्ता ना संग्रहाच्या अटीत बसतो, ना त्याचे वाक्य इंग्रजी ठरते.

याउलट वाट याच प्रदेशात आधी चोखाळली गेली होती. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला कुपवाडचा अभ्यास एखाद्या भाषेपासून सुरू न होता सांगली जिल्ह्यातील त्या गावापासून सुरू होतो. मराठी, कन्नड आणि उर्दू तेथे शब्दसंग्रहाने वेगळ्या राहिल्या. वाक्यरचनेने मात्र एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की बोलणारा जणू शब्दांपुरतीच भाषा बदलत होता. घराघरातली भाषा जातिसमूहाची ओळख जपत होती आणि गावचा रोजचा व्यवहार त्या भाषांना जवळ आणत होता, हे त्या मांडणीचे सार होय.

महाराष्ट्राने २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सक्तीची केली, तेव्हा वर्गात शिकवायचे ‘संभाषण’ परक्या शिष्टाचाराच्या नमुन्यांवर बेतले जाण्याचा धोका होता. गावात आधीच रुळलेल्या इंग्रजीची दखल घ्यायची तर संग्रहाचा आराखडा कुपवाडच्या पद्धतीने उलटा करावा लागेल: आधी व्यवहार, मग वक्ता, आणि शेवटी भाषेचे नाव.